फी भरल्यानंतर सुरू होणारी शिकवणी

शेअर बाजाराच्या ऑनलाइन क्लासमध्ये किंवा ‘महिन्याला लाखभर कमवायला शिका’ म्हणणाऱ्या कोर्समध्ये कुणाचे पैसे गेले की आमच्याकडे सांगलीत निकाल लगेच लागतो. ‘लोभ नडला.’ ऐकणारे माना डोलावतात आणि बोलणं द्राक्षांच्या दराकडे वळतं. माझी सगळी नोकरी ज्युनिअर कॉलेजात बुककीपिंग आणि एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) शिकवण्यात गेली. माझ्या माजी विद्यार्थ्यांतले बरेच जण अशा क्लासेसमध्ये पोळले आणि त्यांतले काही बँकेचं स्टेटमेंट हातात घेऊन माझ्याकडे आले. त्यांना जवळून पाहिल्यावर हा निकाल मला पटेनासा झाला. वर्गातली टवाळ मुलं यात फारशी दिसत नाहीत. दिसतात ती वही नेटकी ठेवणारी, दिलेलं काम करून आणणारी, ताळेबंद जुळला नाही तर घरी जाऊन पुन्हा पहिल्यापासून मांडणारी.

स्वतःला यशाचे जाणकार म्हणवणाऱ्या या मंडळींचा धंदा माणसाच्या लोभापेक्षा त्याच्या चांगल्या सवयींवर जास्त चालतो, असं माझं ठाम मत झालं आहे. शिकायची हौस, शिकवणाऱ्याबद्दल आदर, हाती घेतलेलं अर्धवट न सोडणं, आणि काही बिनसलं तर आधी आपलं काय चुकलं ते बघणं. या चारही गोष्टी आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. त्यांतली शेवटची सगळ्यांत महाग पडते. फसवणुकीचं मर्म तिथंच आहे. ते पैसे भरल्यानंतर कामाला लागतं, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला दिसत नाही.

एका मुलाचं सांगते. नावगाव नको, तासगाव भागातला एवढं पुरे. वडिलांची थोडी द्राक्षबाग, घर बेदाण्यावर चालतं. बी.कॉम. झाल्यावर तो पुण्यात एमपीएससी करायला गेला. कॉट बेसिसवर राहणं, मेसचा डबा, अभ्यासिकेची फी. पूर्व परीक्षा निघाली, मुख्य राहिली. मग करोना आला, परीक्षा पुढं ढकलल्या गेल्या आणि वय मात्र पुढं गेलं. गावी परतल्यावर ‘सध्या काय चाललंय?’ हा प्रश्न त्याला लग्नात, जत्रेत, पानटपरीवर सगळीकडे गाठायचा. त्या प्रश्नाला एक सरळ उत्तर असावं, एवढीच त्या काळात त्याची इच्छा होती. पैसा त्यानंतरचा. अशा मुलाच्या मोबाइलवर एक रील आलं. तिशीतला एक माणूस, मागं पांढरी मोठी गाडी. तो सांगत होता की डिग्रीनं त्याला काही दिलं नाही, एका स्किलनं सगळं दिलं, आणि ते स्किल तो रविवारी ९९ रुपयांत शिकवणार आहे.

असलं रील बघून आपल्यातले बरेच जण हसतात आणि अंगठ्यानं वर सरकवतात. इतकी उघडीवाघडी जाहिरात खरी कोण मानेल, असं आपल्याला वाटतं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली असाच प्रश्न फसव्या ईमेलांबद्दल विचारला होता. नायजेरियातल्या कुठल्याशा अडकलेल्या संपत्तीची ती जुनी थाप साऱ्या जगाला माहीत झालेली असताना हे लोक आपण नायजेरियाचे आहोत हे लपवत का नाहीत? त्यांनी गणित मांडून उत्तर दिलं. शंकेखोर माणसाशी बोलत बसणं फसवणाऱ्याला परवडत नाही. वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. म्हणून पहिली थापच अशी ठेवायची की शंकेखोर माणूस आपणहून निघून जावा. म्हणजे आपण हसून पुढं जातो ते आपल्या हुशारीमुळे असेलही, पण त्या जाहिरातीला आपण जायलाच हवे असतो. मागं राहतो तो ज्याला या घडीला निकड आहे. आणि निकड कुणावर कधी येईल याचा नेम नसतो. नोकरी गेली, मुलगी उपवर झाली, निवृत्तीचे पैसे व्याजावर पुरेनात, की तीच व्यक्ती तेच रील पूर्ण बघते.

त्या मुलानं वेबिनारचं रेकॉर्डिंग जपून ठेवलं होतं. मी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं, आणि शिक्षिका म्हणून मला कबूल करायला हवं की त्या माणसाला शिकवता येतं. आवाज स्वच्छ, मराठी आपल्या घरातलं, नाव घेऊन बोलण्याची हातोटी. पहिला बराच वेळ त्यानं स्वतःचीच हकीकत सांगितली. पत्र्याचं घर, आईचं गहाण पडलेलं मंगळसूत्र, पहिल्या नोकरीत झालेला अपमान. मधूनमधून तो थांबायचा आणि म्हणायचा, ‘हे तुमच्याही बाबतीत घडलंय? चॅटमध्ये हो लिहा.’ शेकडो ‘हो’ पडद्यावरून सरकत जायचे. मग तो म्हणाला की तुमच्यात जेवढी ताकद आहे तिच्या निम्मीसुद्धा तुम्ही आजवर वापरलेली नाही, तुम्हाला मनातून ते ठाऊक आहे, आणि बाहेरून तुम्ही खंबीर दिसत असलात तरी आतून रात्री झोप लागत नाही. मुलगा मला सांगत होता, ‘मॅडम, मला वाटलं हा माणूस मला ओळखतो.’

असं वाटायला लावणं किती सोपं आहे हे बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्येच वर्गात दाखवून दिलं होतं. त्यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘हे तुझं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी सव्वाचारच्या आसपास गुण दिले, इतकं वर्णन जुळलं. कागद मात्र सगळ्यांना एकच होता आणि त्यातली बरीच वाक्यं स्टॉलवर मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. न वापरलेली क्षमता, बाहेरून शिस्त आणि आतून चिंता, ही वाक्यं त्यातही होती. पंचाहत्तर वर्षांनंतर तीच वाक्यं तासगावच्या एका खोलीत हेडफोनमधून ऐकू येतात आणि तेवढीच लागू पडतात.

९९ रुपयांचं काय, असं कुणीही म्हणेल. खरं काम तेच ९९ रुपये करतात. १९६६ मध्ये फ्रीडमन आणि फ्रेझर या दोघांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला. लोकांच्या दारी जाऊन त्यांनी विचारलं, तुमच्या घरासमोरच्या हिरवळीवर ‘गाडी जपून चालवा’ असा भला मोठा, ओबडधोबड फलक लावू का? शंभरातले जेमतेम १७ जण तयार झाले. दुसऱ्या एका गटाकडे मात्र आधी एकदा जाऊन सुरक्षित वाहन चालवण्याबद्दलची एक लहानशी पाटी खिडकीत लावून घेतली होती. त्यांच्यातले ७६ टक्के लोक मोठ्या फलकालाही हो म्हणाले. लहान होकार दिला की माणूस स्वतःला त्या बाजूचा समजू लागतो. ९९ रुपये आणि चॅटमधले ते वीस-पंचवीस ‘हो’ दिल्यानंतर आपण ‘स्वतःत गुंतवणूक करणारे’ लोक झालेलो असतो. तीन तासांनी २४,९९९ रुपयांना नाही म्हणायचं म्हणजे सकाळपासून दिलेले सगळे होकार मागं घ्यायचे.

किंमत सांगण्याची पद्धतही ठरलेली. आधी १,२०,००० रुपये दाखवले आणि त्यावर लाल रेघ मारली. मग बोनस, एकेकाची किंमत लिहून. मग २४,९९९, तेही फक्त ३० जागांना, आणि कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ. अशी खोटी घाई उभी करणं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये निषिद्ध ठरवलं आहे. ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांचे तेरा प्रकार तिथं दिले आहेत, त्यांत ही पहिली. घड्याळ शून्यावर आलं, आणि पुढच्या रविवारी त्याच ३० जागा पुन्हा शिल्लक होत्या. पण हे बघायला पुढचा रविवार उजाडावा लागतो.

त्या दिवशी मुलानं पैसे भरले नाहीत. सोमवारी फोन आला. हा भाग मला दुसऱ्या बाजूनंही कळला, कारण माझी एक विद्यार्थिनी पुण्यात अशाच एका ठिकाणी काही महिने ‘काउन्सेलर’ होती. आपण करतोय ते बरं नव्हे असं वाटून तिनं काम सोडलं. तिनं मला त्यांची फाइल तोंडपाठ म्हणून दाखवली. समोरचा माणूस म्हणजे ‘लीड’. त्याची प्रत्येक अडचण म्हणजे ‘ऑब्जेक्शन’ आणि प्रत्येक ऑब्जेक्शनला छापील उत्तर. ‘पैसे नाहीत’ म्हणणारा लीड चांगला, कारण त्याला हप्ते करून देता येतात. ‘वेळ नाही’ म्हणणाराही ठीक. अवघड लीड कोणता, तर ‘घरी विचारून सांगतो’ म्हणणारा. त्याला लगेच विचारायचं, ‘आजवर घरी विचारून घेतलेल्या निर्णयांनी तुम्ही कुठं पोचलात?’ एवढं बोलून गप्प बसायचं. समोरून आवाज येईपर्यंत आपण एक शब्द बोलायचा नाही, अशी सूचना फाइलमध्येच होती.

या एका वाक्यासाठी मला त्या लोकांचा खरा राग येतो. तिशीला आलेल्या, कमाई नसलेल्या मुलाला हा प्रश्न विचारायचा आणि त्याच्या गप्प राहण्यावर आपलं टार्गेट पुरं करायचं. घरी विचारणं ही आपल्याकडची सगळ्यांत जुनी आणि फुकटची तपासणी आहे. म्हातारी आजी असो की शाळेत जाणारी बहीण, बाहेरचं कुणी ऐकलं की निदान ‘पण तो असं का शिकवतो?’ एवढं तरी विचारतं. ती तपासणी टाळण्यासाठीच माणसाला त्याच्या घरापासून तोडायचं असतं.

हप्त्यांचं लगेच झालं. फोन चालू असतानाच लिंक आली, आधार, पॅन, एक सेल्फी. कर्ज एका ॲपवरून मंजूर झालं आणि रक्कम थेट क्लासच्या खात्यात गेली. मुलाची समजूत अशी की आपण ‘ईएमआयवर फी’ भरतोय. कागदावर मात्र तो एका वित्तीय कंपनीचा कर्जदार झाला होता. क्लास बंद पडो की चालू राहो, हप्ता देणं त्याला भाग होतं. डिजिटल कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्ज घेतल्यानंतर ठरावीक मुदतीत, निदान एक दिवस तरी, ग्राहकाला मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता आलं पाहिजे. हा हक्क त्याला कुणी सांगितला नाही. त्या मुदतीत तो स्वागताचे व्हिडिओ बघत होता.

इथून पुढची गोष्ट पेपरात येत नाही.

क्लास ऑप्शन ट्रेडिंगचा, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरच्या करारांच्या खरेदी-विक्रीचा होता. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला होता. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा कमावणारे फक्त एक टक्का. तिशीच्या आतल्या ट्रेडर्सचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं होतं, आणि २०२३-२४ मध्ये चारांतल्या तिघांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचं नोंदवलं होतं. मग पैसे कुणाकडे गेले? परदेशी गुंतवणूकदार संस्था आणि स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या दलाल कंपन्या नफ्यात होत्या, आणि त्यांचा जवळजवळ सगळा नफा संगणकीय अल्गोरिदममधून आला होता. मोबाइल घेऊन अंगणात बसलेला मुलगा कुणासमोर उभा होता हे यावरून समजावं.

हे आकडे क्लासमध्ये कुणी दाखवत नाही असं नाही. दाखवतात. पण ते सांगतात की ९३ टक्के लोक हरतात कारण त्यांच्याकडे शिस्त नाही, त्यांना मेंटॉर नाही, आणि तुम्ही आता सात टक्क्यांत आहात. धोक्याची पाटीच अशा तऱ्हेनं प्रवेशद्वार होते.

पहिल्या महिन्यात मुलाला थोडा नफा झाला. पुढं तोटा सुरू झाला आणि खरी शिकवणी सुरू झाली. क्लासमध्ये ‘माइंडसेट’ नावाचा एक विभाग होता. ट्रेडिंग म्हणजे ८० टक्के सायकॉलॉजी, मार्केट कधी चुकत नाही, चुकता तुम्ही. प्रत्येकानं ट्रेडिंग जर्नल ठेवायचं. ते जर्नल त्यानं मला आणून दाखवलं. दोनशे पानी वही, पट्टीनं आखलेली, तशीच जशी तो माझ्या वर्गात रोजकीर्द आखायचा. तारीख, स्ट्राइक प्राइस, लॉट, खरेदी, विक्री, नफा-तोटा. आणि शेवटचा रकाना लाल शाईनं: ‘माझी चूक’. घाई केली. स्टॉप लॉस (ठरलेल्या तोट्यावर सौदा बंद करणारी मर्यादा) हलवला. भीतीपोटी लवकर बाहेर पडलो. लोभापोटी उशिरा बाहेर पडलो. पानामागून पान. स्टॉप लॉस लावून तोटा झाला तरी चूक त्याची, न लावता झाला तरी त्याचीच. ‘पद्धत चूक असेल’ असं त्या संपूर्ण वहीत एकदाही लिहिलेलं नाही. तसं लिहायला रकानाच नव्हता.

मी हिशेब शिकवणारी बाई. तोटा झाला की कारण कुठल्या खात्यात टाकायचं हे आधी ठरवावं लागतं. सगळा तोटा विद्यार्थ्याच्या खात्यावर आणि सगळा नफा गुरूच्या खात्यावर, अशी कीर्द जो लिहायला लावतो त्याची पद्धत कधी खोटी ठरूच शकत नाही. आणि मुलं हे मान्य का करतात? कारण बारा वर्षं शाळेत आणि पुढं स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसमध्ये त्यांनी हेच ऐकलेलं असतं. नापास झालास, तू अभ्यास केला नाहीस. हजारो मुलांतून मोजके निवडले जाणार हे उघड असूनही न निवडलेल्याची मेहनत कमी पडली, असंच त्याला सांगितलं जातं. तो मुलगा एमपीएससीच्या वेळी स्वतःला जे बोलला तेच ट्रेडिंगच्या वेळी बोलला. ते शब्द त्याच्यापाशी तयारच होते.

टेलिग्रामवर गटाचा पहारा होता. कुणी फी परत मागितली की ‘निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा’ असा संदेश यायचा आणि ते नाव गटातून गायब व्हायचं. साहजिकच उरलेल्यांना गटात फक्त जिंकणारे दिसत. जिंकणारे खरेच असतात, खोटे असायची गरजही नसते. मी मुलांना फळ्यावर मांडून दाखवते. १,०२४ जण घ्या. दर महिन्याला नाणं उडवा, छाप पडला तर नफा, काटा पडला तर तोटा. पहिल्या महिन्यानंतर सलग नफ्यात ५१२ राहतील, दुसऱ्यानंतर २५६, आणि दहाव्या महिन्याअखेर सरासरीनं एक जण असा राहील ज्याला दहाही महिने नफा झाला. त्यानं काही केलेलं नाही, पण व्हिडिओत तोच बोलणार, मनापासून आणि डोळ्यांत पाणी आणून बोलणार. बाकीचे १,०२३ जण आपापल्या वहीत लाल शाईनं लिहीत असतात. ज्यांना एवढंही थांबायचं नसतं ते दोन खात्यांवर उलटसुलट सौदे करतात, एकात नफा होतो, एकात तोटा, आणि स्क्रीनशॉट फक्त पहिल्याचा टाकतात.

तोटा भरून काढायला ‘ॲडव्हान्स’ कोर्स ७५,००० रुपयांचा होता. बेदाण्याचे पैसे आले होते, औषधं आणि मजुरीची देणी द्यायची होती. त्यानं ते पैसे कोर्सला लावले. एवढं होऊनही तो पुन्हा का गेला, असं मला अनेकांनी विचारलं. आर्केस आणि ब्लूमर यांनी १९८५ मध्ये ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या नाट्यगृहाच्या सीझन तिकिटांचा अभ्यास मांडला होता. काहींना पूर्ण किमतीत तिकीट दिलं, काहींना आयत्या वेळी सवलत दिली. पूर्ण किंमत मोजलेले लोक सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना गेले. पैसे परत येणार नव्हते, तरी मोजलेले पैसे माणसाला ओढत नेतात. इथं तर पैशांखेरीज दीड वर्षाची मेहनत होती आणि गावात ‘मी ट्रेडर आहे’ असं सांगून झालं होतं. थांबणं म्हणजे ते सगळं एका दिवसात तोट्यात टाकणं. सेबीच्या अभ्यासातही तोट्यातल्या ७५ टक्क्यांहून जास्त लोकांनी लागोपाठ दोन वर्षं हरूनही ट्रेडिंग चालूच ठेवलं होतं. त्यांना सगळ्यांना लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि शिकवणारा? ‘बाप ऑफ चार्ट’ या नावानं प्रसिद्ध असलेल्या चॅनलबाबत सेबीनं ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. फीच्या नावाखाली गोळा झालेले १७.२ कोटी रुपये एस्क्रो खात्यात जमा करायला सांगितले. त्याच आदेशात नोंद आहे की जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात चॅनल चालवणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या ट्रेडिंगमध्ये निव्वळ तोटा झाला होता, सुमारे २.८९ कोटींचा. लोकांना दाखवले जात होते नफ्याचे स्क्रीनशॉट. कर्जतच्या एका ट्रेडिंग अकादमीविरुद्ध डिसेंबर २०२५ मध्ये निघालेल्या आदेशात ५४६ कोटींचा आकडा होता. हे आदेश अंतरिम होते, शेवटचा शब्द नव्हे, हे मी मुद्दाम सांगते. पण एक गोष्ट हिशेबाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला त्यातून दिसावी. रविवारच्या वेबिनारला दहा हजार लोक आले तर ९९ रुपयांप्रमाणे ९ लाख ९० हजार होतात. त्यांतल्या तीनशेंनी २४,९९९ भरले तर जवळपास ७५ लाख. बाजार चढो की पडो, या उत्पन्नाला काही होत नाही. ज्याचा धंदा फीचा आहे त्याच्याकडे बाजारातून कमावण्याची विद्या असायची काही आवश्यकता नाही.

नियमांची भिंत आहे, पण तिला दार आहे. गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते. सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’नं सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’नं, आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. नुसतं शिकवायला नोंदणी लागत नाही. म्हणून प्रत्येक जण म्हणतो, आम्ही फक्त एज्युकेशन देतो. जानेवारी २०२५ मध्ये सेबीनं स्पष्ट केलं की शिकवणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून शेअरचं भवितव्य सांगू नये. चालू बाजारात ‘लाइव्ह’ शिकवणारा दिसला की त्याचं एज्युकेशन तिथंच संपलं असं समजायला हरकत नाही.

काही ठिकाणी कोर्स हा नुसता दरवाजा असतो. आतून एका खोट्या ॲपवर नेतात, तिथं पडद्यावर नफा वाढताना दिसतो आणि पैसे काढायला गेलं की आधी ‘टॅक्स’ भरायला सांगतात. असं काही दिसलं तर विचार करत बसू नये, १९३० या क्रमांकावर त्याच तासाला फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत रोखता आली तरच तिचा काही भाग हाती लागतो. नेमका तोच वेळ माणसं लाजेपोटी घालवतात. ‘एवढा शिकलेला आणि फसला?’ हे वाक्य ऐकावं लागेल या भीतीनं मुलं महिनोन्‌महिने तोंड उघडत नाहीत. क्लासवाल्यानं ‘चूक तुझी’ हे शिकवून ठेवलेलं असतं, घरचे आणि गावकरी त्यावर शिक्का मारतात. गप्प बसलेल्या माणसाची तक्रार होत नाही आणि तक्रार नसेल तर पुढचा रविवार निर्विघ्न पार पडतो. म्हणून घरातल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. असं काही कानावर आलं तर ‘तुला कळलं कसं नाही’ हे विचारू नका. पैसे कोणत्या खात्यात गेले, किती तारखेला, पावती कुठं आहे, कर्ज कुणाच्या नावावर आहे, हे विचारा.

त्या मुलाला मी हेच विचारलं. एक नवा कागद घेतला आणि दोन रकाने पाडले, फीचा एक आणि ट्रेडिंगमधल्या तोट्याचा एक. पहिल्यात एक लाखाला एक रुपया कमी, दुसऱ्यात एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. बाजारात गेलेले पैसे परत येणार नाहीत, हे त्याला स्पष्ट सांगितलं. फीचं मात्र वेगळं होतं. जाहिरातीत ‘निकाल नाही तर पैसे परत’ असं लिहिलेलं होतं आणि त्याच्याकडे तो स्क्रीनशॉट, वेबिनारचं रेकॉर्डिंग, कर्जाचा करार सगळं होतं. वही नेटकी ठेवण्याची सवय इथं कामाला आली. वडिलांना त्यानं सांगितलं, मीही सोबत गेले होते. ते खूप चिडले, मग किती हप्ते राहिलेत ते विचारलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानंतर क्लासनं पहिल्या कोर्सच्या फीतले काही पैसे परत केले आणि बाकीच्याबद्दल उत्तर देणं थांबवलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात जायचं त्यानं ठरवलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते आणि दोन वर्षांची मुदत असते. त्याच्या मुदतीतले काही महिने अजून शिल्लक आहेत. कागद आम्ही तारखेप्रमाणे लावून ठेवले आहेत.